कानबाईत आवाज गेला, महिना उलटला तरी वरचा सा लागत नाही

बोरीकाठची बाई

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४६. पहिली-दुसरी एकत्र, पोरं ४१, डोक्यावर पत्रे, आणि मधल्या अर्ध्या भिंतीपलीकडे चौथीचे पाढे. गाण्याच्या दोन परीक्षा लग्नाआधी दिल्या होत्या, पुढे राहून गेलं. पण गावातल्या महिला भजनी मंडळात अकरा वर्षं मुख्य आवाज माझाच आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते.

खान्देशाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. यंदा आठवडाभर आधीपासून मला सर्दी होती. शनिवारी शाळा केली, रविवारी दिवसभर चुलीच्या धुरात पुरण, आणि रात्री नऊला गायला बसले ती पहाटे चारला उठले. समोरच्या गल्लीत डीजे. त्याच्यावर आवाज काढायचा म्हणून सगळ्याच बाया ओरडत होत्या, मी जरा जास्त. पेटी काळी चारला, म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. आमचे पेटीवाले भाऊ म्हणतात, "बाईंची पट्टी म्हणजे काळी चार, त्याच्याखाली शोभा नाही." मलाही ते ऐकायला आवडतं. सोमवारी बोरीपर्यंत गात गेलो.

मंगळवारी हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा. पहिलं नाव 'अ'वरून आहे, त्याचा 'अ'सुद्धा निघेना. पोरं आधी हसली, मग घाबरली. शेवटी दुसरीतल्या एका मुलीने उभं राहून हजेरी घेतली, माझ्याच सुरात, प्रत्येक नावाला हात वर करायला लावून.

मग सगळं केलं. ज्येष्ठमध चघळला, सुंठ-गूळ, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, तुरटीच्या गुळण्या, बाम टाकून वाफ. आठ दिवसांनी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घसा टॉर्चने बघितला, एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आवाज असा मोकळा झाला की मी एका रात्री दोन तास गाऊन आले. गोळ्या संपल्या आणि दोन दिवसांत आवाज परत गेला, पहिल्यापेक्षा वाईट. त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या हे मला नंतर मेडिकलवाल्या पोराने सांगितलं.

आता साडेचार आठवडे झाले. बोलणं सकाळी बरं असतं. अकरानंतर खरखर, तीनला शाळा सुटेपर्यंत घासतं. गाताना सा ते प ठीक, धैवतावर आवाज जाड होतो, निषाद घसरतो, आणि वरच्या सा ला कधी दोन आवाज एकदम निघतात, कधी नुसता वारा. एक गोष्ट मला कळत नाही. जोर लावला तर वरचा सा कसाबसा लागतो, हळू म्हटला तर लागतच नाही. उलट असायला पाहिजे ना? रात्री कोरडा खोकला आहे. तंबाखू-मशेरी काही नाही. बीपीची गोळी वर्षभरापासून चालू आहे, तिचा इथे काही संबंध नाही, पण सांगून ठेवते.

नवरात्राला एकवीस दिवस राहिले. शेजारच्या गावाने मंडळाला नऊ दिवसांचं बोलावणं दिलंय, विसारही घेतलाय. मी गाऊ का? की गप्प बसू? आणि गप्प म्हणजे किती दिवस? शाळेला कसं गप्प बसायचं? आमच्यात दुसरा आवाज एका एकोणीस वर्षांच्या पोरीचा आहे. छान गाते. खोटं कशाला बोलू, त्याचाही थोडा त्रास होतो.

---

डफवाला, पारोळा

बाई, राम राम. मी वही, म्हणजे डफावरची आमची खान्देशी लोकगाणी, गाणारा माणूस. आमचा बाप वहीत रात्र रात्र गायचा, माईक नाही, काही नाही, समोर हजार माणूस. त्याचा आवाज बसला की आजी एकच म्हणायची, "आवाज बठी गया ना, मंग तोंडले कुलूप लाव." तीन दिवस कुलूप. चौथ्या दिवशी कोमट पाणी आणि जनावरं हाकायला शेतात. म्हणजे बोलायला माणूसच नाही!

तुमचं जे झालं ते डीजेने झालं. आम्ही आता डीजेवाल्या गल्लीत वही लावतच नाही. माणूस आपलंच ऐकू येईना की आपोआप ओरडतो, त्याला कळतसुद्धा नाही. आम्ही एक कान हाताने झाकून गातो ते उगाच नाही, त्याने आपला आवाज आपल्याला मिळतो.

एक मात्र माझं मत. गळा तापला की खुलतो. पहिला अर्धा तास खरखर असते, रेटून गायलं की पुढे मोकळा होतो. थोडं थोडं रेटत राहा, सवय मोडू देऊ नका. ज्येष्ठमध जास्त खा, त्याच्यासारखं काही नाही.

---

कंठचिकित्सा, नाशिक (मूळ चोपडा)

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. गायक आणि शिक्षक हेच माझे निम्मे रुग्ण. इथे बसून निदान करता येत नाही, पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की काही गोष्टी सांगते.

आधी डफवाले दादांना: कान झाकायचं आणि डीजेचं शंभर टक्के बरोबर. कुलूपही बरोबर, पण तुमची आजी तीन दिवसांचं म्हणायची आणि ते ताज्या दुखण्याला. रेटायचं मात्र साफ चूक. निरोगी गळा तापून खुलतो. सुजलेला गळा तापून अजून सुजतो, आणि थोडा वेळ खुलल्यासारखा वाटतो ते आपण जोर वाढवलेला असतो म्हणून.

ताई, जोराने लागतो पण हळू लागत नाही, हे उलट नाही. हीच खूण आहे. वरच्या सुराला स्वरतंतू ताणून पातळ होतात आणि त्यांच्या कडा एकमेकींना हलकेच टेकतात. कडेवर थोडी जरी सूज असली तरी हळू फुंकरीला ती जागची हलत नाही, फटीतून वारा निघतो. जोर लावला की ती सूज बळजबरीने थरथरते. म्हणून आम्ही गायकांना घरची तपासणी हीच सांगतो: पाळण्यातलं बाळ उठू नये इतक्या हळू, वरच्या सुरात एखादी छोटी ओळ म्हणा. रोज सकाळी, एकदाच. कोणत्या सुराला वारा येतो ते लिहून ठेवा. तो सूर वर सरकत गेला तर सूज उतरतेय.

आता हिशेब बघा. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हिशेब सांगते. बाईमाणूस साधं बोलताना स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा आपटतात. तासाचे ७ लाख २० हजार. शाळेत तुम्ही निव्वळ तीन तास बोललात तरी एकवीस लाखांच्या वर. तेही पत्र्याखाली, ४१ पोरांवरून, चौथीच्या पाढ्यांवर. कानबाईची रात्र एकच होती. शाळा रोज आहे. तुम्ही सगळा दोष गाण्याला देताय, मला तो हजेरीत दिसतो.

काय करायचं ते सांगते, क्रम महत्त्वाचा नाही, पहिली गोष्ट सोडून. पहिली गोष्ट: कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. टॉर्चने दिसतो तो घसा, स्वरतंतू त्याच्या खाली असतात, ते टॉर्चला दिसत नाहीत. चार आठवड्यांच्या वर खरखर राहिली की बघायचंच, गाणारा असला तर त्याच्याही आधी. थुंकीत रक्त, गिळायला त्रास, श्वासाला आवाज, मानेत गाठ, यातलं काही असलं तर उद्याच. आणि गाताना 'एका क्षणात, तुटल्यासारखा' आवाज गेला होता का, हे त्यांना नक्की सांगा. तसं असेल तर तंतूत रक्त साकळलेलं असू शकतं आणि तेव्हा कडक मौनच लागतं.

कुजबुजू नका. गळा दुखतो म्हणून लोक कुजबुजत बोलतात. ती विश्रांती नाही, बऱ्याच जणांचा गळा त्यात जास्त आवळला जातो. त्यापेक्षा कमी शब्द, सहज आवाजात. खाकरू नका, एक घोट पाणी प्या.

हळदीचं दूध प्या, छान असतं, पण एक समजून घ्या: गिळलेली कुठलीच वस्तू स्वरतंतूंना लागत नाही. ते श्वासनळीच्या तोंडावर आहेत. लागली तर ठसका लागतो! पाणीसुद्धा आधी अंगात जातं, मग आतून ओलावा येतो, म्हणून गायच्या पाच मिनिटं आधी पिऊन उपयोग नाही, सकाळपासून प्यावं लागतं. थेट पोचते ती फक्त वाफ. ती साधी घ्या, बाम न टाकता. त्यातला मेंथॉल गार लागतो, पण नाजूक गळ्याला झोंबतो आणि कोरडंही करतो.

स्टिरॉइडने सूज झटकन उतरते, दुखणं तिथेच असतं. बरं वाटलं म्हणून तुम्ही दोन तास गायलात, तिथे खरं नुकसान झालं असावं.

आणि ताई, ती बीपीची गोळी कोणती? नाव बघून सांगा. ज्येष्ठमध आजपासून बंद. रोज भरपूर खाल्ला तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीवाल्यांनी तर हात लावू नये.

---

बोरीकाठची बाई

ताई, गोळीच्या पाकिटावर 'रामिप्रिल' लिहिलंय. आणि ज्येष्ठमधाचा आमच्याकडे पाव किलोचा पुडा आणलाय, अर्धा संपला.

क्षणात गेला नव्हता. पहाटे दोनपासून हळूहळू जात होता, मला कळत होतं, मी ऐकलं नाही.

तुमची तपासणी सकाळी केली. काळी चारला सगळे झोपलेले असताना मोरीत उभी राहून. धैवतालाच वारा. मी इतकी वर्षं हळू कधी गायलेच नव्हते हे तेव्हा लक्षात आलं. आमच्यात हळू गाणं म्हणजे न येणं.

---

कंठचिकित्सा, नाशिक (मूळ चोपडा)

रामिप्रिल आणि त्या कुळातल्या, ज्यांची नावं 'प्रिल'ने संपतात, त्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. कधी महिन्यांनी लागतो, म्हणून कोणी गोळीवर संशय घेत नाही. प्रत्येक खोकला म्हणजे स्वरतंतूंना एक थप्पड, रात्रभर थपडा खाल्ल्या तर दिवसा सूज कशी उतरेल? गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपी चढेल. ज्यांनी दिली त्यांना खोकल्याचं सांगा, दुसऱ्या कुळातली गोळी बदलून मिळते.

---

शेवभाजी, भुसावळ

मी गाणारा नाही, केळीच्या गाड्या भरून देतो, त्यामुळे ओरडणारा आहे. दोन वर्षं माझा सकाळचा आवाज म्हैस रेकल्यासारखा होता. घसा नव्हे, पित्त निघालं. रात्री साडेदहाला तर्रीवाली भाजी, वर ठेचा, आणि अकराला आडवं. झोपेत पित्त वर येऊन घशाशी बसायचं. छातीत जळजळ अजिबात नाही, म्हणून मी डॉक्टरशी भांडलो. आता आठला जेवतो, अकराला झोपतो, उशाकडून खाटेखाली दोन विटा. ठेचा सुटलेला नाही, दुपारी खातो. आपण खान्देशातली माणसं, मिरची सोडा म्हणणाऱ्याचं कोण ऐकतंय. बाई, तुमचा आवाज सकाळी बरा असतो म्हणता, म्हणजे तुमचं हे दुखणं नसेलही. पण नवरात्राच्या उपवासात शेंगदाणे आणि तळलेलं खाऊन रात्री बाराला झोपू नका, एवढंच.

---

पेटीमास्तर, धुळे

बाई, तुमच्या पेटीवाल्या भाऊंशी माझं भांडण आहे. पट्टी बाईची नसते, पट्टी त्या दिवशीच्या गळ्याची असते. काळी चारच्या खाली पांढरी पाच आहे, तिच्याखाली काळी तीन, मग पांढरी चार. तीनच पायऱ्या. भक्तीत कुठे लिहिलंय की देवीला काळी चारच ऐकू येते? मी चाळीस वर्षं पेटी धरतोय. पट्टी उतरवायला सांगणारे गवई मला कमी भेटले आणि आवाज घालवून बसलेले पुष्कळ भेटले.

तुम्हाला कोणीतरी पहाटे उठून खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावा म्हणून सांगेलच. खर्ज चांगला आहे, पण बऱ्या गळ्याला. दुखऱ्या गळ्याने खर्ज दाबून लावला तर तोही ओरडण्याचाच प्रकार. आधी तोंड मिटून, मध्य सप्तकाच्या मधोमध, गुणगुणा. नाकाच्या दांडीत मुंगी चालल्यासारखं वाटलं पाहिजे. गळ्यात काही वाटलं तर चुकलं.

आवाज गेला की लोक कुमार गंधर्वांचं नाव काढतात, म्हणून मीच काढतो. त्यांना क्षय झाला होता, एक फुफ्फुस निकामी झालं, देवासला जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद होतं. ते दुखणं छातीचं, तुमचं गळ्याचं, तुलना नको. आणि ते बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिनने, जिद्दीने क्षय जात नाही. पण त्या काळात त्यांचं ऐकणं बंद नव्हतं. खाटेवर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत होते, पुढे त्यातूनच त्यांचं केवढं गाणं उभं राहिलं. तुम्ही नवरात्रात मंचावर बसा. टाळ घ्या. त्या पोरीला पुढे बसवा आणि ऐका.

---

डफवाला, पारोळा

मास्तर, तुम्ही म्हणता ते पटतं पण वहीत पट्टी उतरवली तर मागची पोरं म्हणतात, दादा म्हातारा झाला. ज्येष्ठमधाचं माले माहीत नव्हतं. आमच्या चुलत्याला बीपी आहे आणि तो खिशातच ठेवतो. सांगतो त्याला.

---

बोरीकाठची बाई

आज जळगावला जाऊन आले. रेल्वेने गेले, एकटीच, मालकांना म्हटलं तुम्ही सोबत असलात की मी बोलत राहीन.

दुर्बिणीची मला फार भीती होती. काही नाही. जीभ कापडाने धरून बाहेर ओढतात आणि म्हणतात, "ईऽऽ म्हणा." जीभ बाहेर असताना ई म्हणता येत नाही, आऽऽ निघतो, मला हसू आलं आणि परत सगळं करावं लागलं. पडद्यावर माझे स्वरतंतू दिसले. पांढऱ्या दोन पट्ट्या. पुढून एक तृतीयांशावर, दोन्हीकडे समोरासमोर, दोन बारीक फुगवटे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिक्षिका ना? मला वाटलंच." जिथे दोन्ही कडा सगळ्यात जोरात आपटतात तिथेच घट्टा पडतो म्हणाल्या. अजून मऊ आहेत, ऑपरेशन नाही, दोन महिने आवाजाचा व्यायाम. वडिलांच्या हाताला नांगराचे घट्टे होते. माझे असे आतून निघाले.

शाळेतून रजा मागितली तर पाच दिवस मिळाली. बीपीची गोळी बदलली.

व्यायाम सांगते, कारण इथे आणखी कोणी माझ्यासारखं असेल. पेल्यात पाणी, त्यात शीतपेयाची नळी दोन बोटं बुडवायची, आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. सूर धरून. आधी एकच सूर, मग खालून वर आणि वरून खाली घसरगुंडी. पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. नळीमुळे तोंडाशी हवा अडते आणि तिचा दाब उलटा आत येऊन स्वरतंतूंना आपटू न देता थरथरवतो, असं त्यांनी समजावलं. मला एवढंच कळलं की नळीतून ओरडताच येत नाही. ओरडलं की पाणी अंगावर.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तं जातं शे." विचारलं कसं काय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जात्यावर गाताना कोणी बाई कधी ओरडायची नाही. जात्याची घरघर असते, तिच्यात आपला आवाज मिसळायचा. वर चढायची गरज नाही, पहाटेची वेळ, शेजारी झोपलेले. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी अशीच दळता-कांडताना झाली, हे मी पोरांना दरवर्षी शिकवते, पण त्या किती हळू म्हणत असतील हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

कंठचिकित्सा, नाशिक (मूळ चोपडा)

सासूबाईंना नमस्कार सांगा. घट्टे मऊ आहेत म्हणजे बरे होण्याच्या रस्त्यावर आहेत. एक विनंती: रजा संपल्यावर वर्गात तोंडानेच शिकवायला उभ्या राहू नका. कमरेला लावायचा छोटा स्पीकर मिळतो, डोक्याला माईक. आणि 'गप्प बसा' हे टाळीने सांगा.

---

बोरीकाठची बाई

कोजागिरी झाली. राहिलेलं लिहिते.

नवरात्रात नऊपैकी सहा दिवस मी टाळ धरला. पोरगी पुढे. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे दोनदा वळून बघितलं, चाल बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी बघितलं नाही. ते मला लागलं, पण त्या रात्री पहिल्यांदा मी आमचं मंडळ समोरच्यासारखं ऐकलं. आम्ही सगळ्या बाया सम यायच्या आधीच वर चढतो, घाई करतो. हे मला अकरा वर्षं मधे बसून कळलं नव्हतं, कारण मला माझाच आवाज येत होता.

सातव्या दिवशी दोन अभंग म्हटले, पांढरी चारला. पेटीवाले भाऊ आधी म्हणाले, "बाई, पेटीच खाली गेल्यासारखी वाटते." म्हटलं वाटू द्या. पांढरी चारला वरचा सा वारा न येता लागला. हळू. माझ्या अंगावर काटा आला, लोकांना बहुतेक काहीच कळलं नसेल. नंतर एक म्हातारी येऊन म्हणाली, "आज तुना शब्द समजनात व माय." म्हणजे आज तुझे शब्द समजले.

गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी महिनाभर ओट्यावर यायच्या, त्यांच्याबरोबर थोडं गुणगुणले. खोकला गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांत गेला. शेवभाजी दादांचं ऐकून जेवण आठवर आणलं, विटा मात्र नाही लावल्या. वाईटही सांगते. मधे एक दिवस स्पीकर चार्ज करायला विसरले, त्यात तपासणीला साहेब आले, मी तीन तास तोंडाने शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तपासणीत वारा परत पंचमावर. चार दिवस गेले तो पुन्हा वर सरकायला. वहीत सगळं लिहिलंय, तारखेप्रमाणे.

आता काळी चारला निषादापर्यंत हळू जाते. सा अजून कधी हो, कधी नाही. पुढची दुर्बीण दिवाळीनंतर आहे.

स्पीकर बाराशेला पडला. पोरांनी त्याचं नाव 'बाईंचा डबा' ठेवलंय आणि रोज एकजण विचारतो, "बाई, डबा भरला का?" पेटीवाले भाऊ मात्र अजून ऐकत नाहीत. काल म्हणाले, "पुढच्या कानबाईला काळी चार, ठरलं." मी म्हटलं, पांढरी पाचवर बोलू, आणि तेही डीजे बंद असला तर.